आपण यांना ओळखत असाल

आमच्या खानदेशात एखाद्याला तोंडावर 'तुम्हाला ओळखलं नाही' असं सांगणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवण्यासारखं आहे. लग्नाच्या मांडवात कोणीतरी मागून येतं, आपला हात दोन्ही हातांत धरतं आणि विचारतं, "वळखं का?" म्हणजे, ओळखलं का? याला एकच उत्तर असतं. हसायचं, हात दाबायचा आणि म्हणायचं, "घ्या! तुम्हाला नाही ओळखणार?" पुढची दहा मिनिटं मग पाण्यात उतरल्यासारखी चाचपडत काढायची. घरी सगळे बरे? पाऊस कसा झाला? आबांची तब्येत? आबा प्रत्येक घरात असतात आणि प्रत्येक घरात त्यांची तब्येत थोडी नरमच असते, त्यामुळे हा प्रश्न सहसा चुकत नाही.

या कलेत मी पारंगत आहे असं मला वाटायचं. वरणगावच्या एका लग्नात मी एका गृहस्थांशी अर्धा तास बोललो, त्यांना वऱ्हाडी मंडळींत नेऊन बसवलं, जिलबीचा आग्रह केला. जेवण झाल्यावर ते उठले, बाहेर गेले आणि क्लॅरिनेट घेऊन उभे राहिले. कित्येक वर्षांपूर्वी माझ्या लग्नात त्यांनी बँड वाजवला होता आणि ती ओळख ते देत होते. मी मात्र त्यांना बायकोचे चुलत मामा समजून बसलो होतो.

त्यात आमच्याकडे आडनावांचा घोळ. आमचं जे आडनाव आहे ते दर तिसऱ्या घरावर लिहिलेलं असतं. मूळचं ते गावकामाचं, त्यामुळे कुठल्याही जातीत सापडतं. तरी समोरच्याचं आडनाव तेच निघालं की मन लगेच म्हणतं, आपलाच असणार. कुठून आपला, ते नंतर बघू.

ही सवय मांडवात होती तोवर तिने फार नुकसान केलं नाही. पुढे तिला फोन मिळाला.

जळगावात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं शेतकरी, आणि त्यांचे नंबर मी माझ्या पद्धतीने ठेवतो. 'रावेर केळी चष्मेवाले', 'वरणगाव दोन बोअर', 'फिल्टर परत आणणारे', 'भांडखोर', 'भांडखोरचा भाऊ'. खरी नावं लक्षात राहत नाहीत, स्वभाव राहतात. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मी त्या सोशल साइटवर आलो. (साइटचं नाव लिहीत नाही. तिचे मालक सातासमुद्रापलीकडे बसलेले आहेत, पण आपली खबर त्यांना लवकर लागते, हे आता मला माहीत आहे.) आल्या आल्या तिने विचारलं, तुमच्या फोनमधले नंबर बघू का? मी म्हटलं, बघ. तुम्ही कुठे आहात ते बघू का? बघ. दारात आलेला पाहुणा 'येऊ का' म्हणतो तेव्हा आपण 'कशाला' विचारतो का? 'या ना' म्हणतो. तसं मी सगळ्यांवर 'या ना' दाबत गेलो.

माझी मुलगी धुळ्याला एका बँकेत आहे. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, रविवारी घरी येते. तिने उन्हाळ्यातच मला बजावलं होतं की पप्पा, दिसेल त्याला हो म्हणत जाऊ नका, ही माणसं आपली माहिती गोळा करतात. मी हसलो होतो. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय, हे माझं आवडतं वाक्य होतं. गिऱ्हाइकांनाही मी ते ऐकवायचो.

दिवाळीनंतर चार दिवसांनी त्या साइटने मला एक तरुण दाखवला. चष्मा, बारीक मिशी, मागे कांद्याचं शेत. गाव पिंपळनेर, सध्या धुळे. आडनाव आमचंच. आणि खाली लिहिलेलं, 'आपण यांना ओळखत असाल.'

आता तुम्हीच सांगा. मांडवात माणूस विचारतो, ओळखलं का. त्यावर निदान दचकायला तरी जागा असते. इथे तर यंत्र स्वतःच सांगत होतं की ओळखत असाल. इतक्या अदबीने. मी फोटो मोठा करून पाहिला. कपाळ आमच्या घराण्यातलं वाटलं. खात्री करावी म्हणून शिंदखेड्याला नानांना फोन लावला. नाना माझे थोरले चुलतभाऊ, साऱ्या भाऊबंदकीची वंशावळ त्यांना पाठ आहे असं आम्ही सगळे मानतो. मी मुलाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

नानांनी गावाचं नाव दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "पिंपळनेरना? मंग तो आपलाच शे ना भो. तुले वळखू नही उना?"

मला ओळखू आला नाही, हे मी कसं कबूल करणार? मी म्हटलं, तसं नाही, ओळखलं, फक्त विचारलं. मग नानांनी सांगितलं की आपली एक आत्या त्या बाजूला दिली होती, तिच्या नणदेचा हा नातू. आम्हाला अशी आत्या असल्याचं मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. तरी मी 'हां हां, ती आत्या' म्हणालो आणि फोन ठेवून मुलाला मैत्रीचं आमंत्रण पाठवलं.

दोन दिवस त्याने ते स्वीकारलं नाही. मला वाटलं, संकोची दिसतोय. तिसऱ्या दिवशी स्वीकारलं, आणि मी काका झालो.

काका म्हणून मी काही कमी पडलो नाही. त्याच्या प्रत्येक फोटोखाली मी दोन शब्द लिहायचो. कांद्याचा फोटो आला की 'भाव कसा आहे? वडिलांना नमस्कार सांग.' नव्या मोटरसायकलचा फोटो आला तेव्हा लिहिलं, 'तू नाही सांगितलंस तरी आम्हाला सगळं कळतं बरं का!' देवळातला फोटो आला, 'एकटाच गेला होतास की कोणी सोबत?' आणि शेजारी डोळा मारणारं तोंड. त्याच्या वाढदिवसाला तर मला भरतंच आलं. मी लिहिलं, 'अनेक आशीर्वाद. आता तुझ्या लग्नात मलाच लक्ष घालावं लागणार. लवकरच धुळ्याला येतो, मग बघतो तुझ्याकडे.'

पुतण्या-भाच्यांशी आमच्याकडे असंच बोलतात. तो प्रत्येक वेळी 'हो काका' एवढंच लिहायचा. पुढे पुढे त्याचे फोटो कमी झाले. काही जुने फोटो तर नाहीसेच झाले. मी बायकोला म्हणालोसुद्धा, आजकालच्या पोरांत इतका विनय दुर्मीळ आहे. कोण पोरगा, तिने विचारलं. मी म्हटलं, आपलाच आहे एक.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, भर दुपारी, मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. गुरुवारी बँक सोडून ती कधी येत नाही. मी म्हटलं, बरं आहे ना? तिने चप्पल काढली नाही. काउंटरवर फोन ठेवला आणि म्हणाली, "कधीपासून पाळत ठेवताय?"

मला वाटलं, शेजारच्या दुकानाबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, कोणावर?

तिने फोन उचलला आणि वाचायला लागली. माझंच लिहिलेलं, मला, शांत आवाजात. 'तू नाही सांगितलंस तरी आम्हाला सगळं कळतं बरं का.' 'एकटाच गेला होतास की कोणी सोबत?' 'लवकरच धुळ्याला येतो, मग बघतो तुझ्याकडे.' लिहिताना हे सगळं किती गोड वाटलं होतं. ती वाचत होती तेव्हा मलाच माझी भीती वाटली. एखाद्या गावगुंडाने पाठवलेल्या चिठ्ठ्या असाव्यात तसं ते ऐकू येत होतं.

"देवळात मी होते त्याच्यासोबत," ती म्हणाली. "ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

पाइपच्या बंडलावर बसायला मला त्या वेळी बरं वाटलं.

हळूहळू कळलं ते असं. तो मुलगा धुळ्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. दोन वर्षांपासून दोघांची ओळख. आडनाव आमचंच, जात दुसरी. म्हणूनच तिला घाई करायची नव्हती. आधी त्याची नोकरी कायम होऊ द्यायची, मग आईला सांगायचं, आईला एकटीला, आणि त्यानंतर मला. हे तिने मनात नीट ठरवून ठेवलं होतं. त्या साइटवर तर दोघांनी एकमेकांना जोडूनसुद्धा घेतलं नव्हतं, एकत्र एक फोटो टाकला नव्हता. आणि अचानक दिवाळीनंतर मुलीचे वडील स्वतः मैत्रीचं आमंत्रण घेऊन हजर. न स्वीकारावं तर चोराच्या मनात चांदणं. स्वीकारावं तर रोज सकाळी फोनमधून नवा साप निघतोय. बिचाऱ्याने तीन महिने 'हो काका' म्हणत काढले. आता चार दिवसांपासून तो तिचाही फोन घेत नव्हता. तिला एकच निरोप पाठवला होता, तुझ्या वडिलांनी मला घेरलं आहे, आपण थांबूया.

"तुम्हाला आवडलं नव्हतं तर मला बोलायचं होतं," ती म्हणाली. "रागवायचं होतं. असं खेळवायचं काय पप्पा त्याला?"

मी शपथेवर सांगितलं की मला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, मग एवढ्या जगात तोच बरा सापडला तुम्हाला? प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर एकच होतं आणि ते इतकं लाजिरवाणं होतं की त्यापेक्षा पाळत ठेवली असं कबूल करणं सोपं गेलं असतं. त्यात निदान बाप हुशार ठरला असता.

"मला वाटलं, तो आपला भाऊबंद आहे," मी म्हणालो.

"का वाटलं?"

"साइटने लिहिलं होतं ना. ओळखत असाल म्हणून."

"आणि तुम्ही ओळखलंत?"

"नाही," मी म्हटलं. "पण नाही कसं म्हणायचं?"

माझा तोंडी पुरावा कच्चा पडतोय हे दिसताच मी साक्षीदार काढला. नानांना फोन लावला, आवाज मोठा केला, फोन काउंटरवर तिच्या फोनशेजारी ठेवला आणि विचारलं, नाना, तो पिंपळनेरचा मुलगा, नक्की आपलाच ना?

मधल्या तीन महिन्यांत नानांच्या आठवणीला चांगलंच खतपाणी मिळालं होतं. नणंद आता सख्खी आत्या झाली होती. मुलाच्या आजोबांनी आमच्या विहिरीच्या कामाला बैल दिले होते. "अरे, त्याना बारसाना घुगऱ्या खायेल शेतस मी," नाना म्हणाले. वर मलाच ऐकवलं की तू शहरात राहून नातीगोती विसरलास.

मुलीने तोंडावर ओढणी धरली. रडते की काय म्हणून मी फोन बंद केला. ती हसत होती. हसता हसता रडलीसुद्धा थोडी, पण माझं निर्दोषत्व सिद्ध झालं होतं. मूर्खपणा इतका उपयोगी पडलेला मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही.

आता प्रश्न उरला की त्या यंत्राला कसं कळलं. ती पायरीवर बसली आणि विचार करायला लागली. मग म्हणाली, दसऱ्याच्या आसपास तिचा फोन बंद पडला होता आणि पोहोचले म्हणून सांगायला तिने त्याच्या फोनवरून मला फोन केला होता. मला आठवलं. तो अनोळखी नंबर मी लगेच जपून ठेवला होता, 'पोरगी धुळे २' या नावाने. म्हणजे तीन-साडेतीन महिने तो मुलगा माझ्या फोनमध्ये माझी दुसरी मुलगी म्हणून राहत होता.

"आणि त्याने माझा नंबर ठेवला होता का?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "ठेवलाय."

"कुठल्या नावाने?"

"'उचलू नको'."

म्हणजे त्याने मला लपवलं होतं आणि मी त्याला, दोघांनीही खोट्या नावांनी. पण त्या कंपनीला नावं नकोच होती, तिला नंबर पुरे. त्याचा नंबर माझ्या यादीत, माझा त्याच्या यादीत, आणि मी माझी यादी 'या ना' म्हणत आधीच हातात दिलेली. त्यानेही कधीतरी दिलीच असणार. दोन याद्या शेजारी ठेवायला किती वेळ लागतो? असंच झालं असेल असं ती म्हणाली. नक्की काय झालं हे कंपनी काही कोणाला सांगत नाही. विचारते मात्र आपल्याला सगळं.

गावात असताना आमच्या गल्लीत एक अक्का होती. सकाळपासून ओट्यावर बसून कोण कुठे गेलं याची खबर ठेवायची. आम्ही तिला फार नावं ठेवायचो. पण अक्का दिसायची. ती ओट्यावर आहे म्हटल्यावर मागच्या दाराने जाता यायचं. शिवाय तिच्या घरचं काय चाललंय हे आम्हालाही माहीत असायचं, त्यामुळे ती बोलताना थोडी जपायची. इथे ओटा कुठे आहे तेच दिसत नाही, आणि मागच्या दाराची किल्लीही मीच देऊन टाकलेली. लपवण्यासारखं माझ्याकडे खरंच काही नव्हतं. पण माझ्या फोनात मी एकटा कुठे होतो? रावेरचे चष्मेवाले होते, भांडखोर होते, त्याचा भाऊ होता, माझी मुलगी होती. त्यांना कोणी विचारलं होतं?

हे सगळं मी तिला बोलून दाखवलं नाही. तिनेच उन्हाळ्यात मला हे सांगितलं होतं. तेव्हा मी हसलो होतो.

मी म्हटलं, थांब, मी आत्ताच त्याच्या फोटोखाली खुलासा लिहितो. तिने माझा फोन हिसकावून घेतला. मग मी म्हटलं, निदान फोन करून माफी मागतो. तिने फोन परत दिला, मी नंबर लावला. घंटी वाजत राहिली. मला वाटतं तिकडे माझं नाव उजळलं असेल आणि त्याने ते आज्ञाधारकपणे वाचलं असेल. शेवटी ती म्हणाली, मीच जाते, समोर सांगते. साडेचारची बस होती.

निघताना तिने चप्पल पुसल्यासारखी पायरीवर घासली. "मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कसे चिडाल, मग मी काय म्हणेन, सगळं ठरवलं होतं मी. ते राहूनच गेलं."

मी म्हटलं, मला अजून कळलंय काय? नाव, गाव आणि कांदा.

"मम्मीला तरी मला सांगू द्या. रविवारी येते. तोपर्यंत एक शब्द नाही."

मी हो म्हटलं. या एका 'हो'चा अर्थ मात्र मला देताना समजलेला होता.

गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ. पंचवीस वर्षांच्या संसारात मी बायकोपासून एवढा वेळ काही लपवलेलं नाही. चारित्र्य वगैरे काही नाही, मला ते जमत नाही एवढंच. जेवताना मी बोलायचं टाळलं तर तिला वाटलं पित्त झालं. तिने ओव्याचं पाणी दिलं. मी निमूट प्यालो. शुक्रवारी फोनमध्ये बसून मी त्या साइटला दिलेल्या परवानग्या एकेक करून परत घेतल्या. प्रत्येक वेळी ती विचारायची, तुम्हाला नक्की खात्री आहे? येताना मात्र 'नक्की का' असं एकदाही विचारलं नव्हतं.

खरा घोळ शनिवारी झाला. बायको तिचा फोन बघत बसली होती. म्हणाली, काय हो, माझ्या फोनवर ही मंगल कार्यालयं का येताहेत? आणि शेरवान्या? आपल्याकडे कोणाचं लग्न आहे?

गुरुवारपासून मुलगी आणि तो मुलगा फोनवर काय बोलले असतील, काय शोधलं असेल, मला ठाऊक नाही. कदाचित लग्नसराई म्हणून सगळ्यांनाच तसल्या जाहिराती येत असतील. पण मला त्या घडीला एवढंच दिसलं की माझ्यापाठोपाठ तिलाही ते यंत्र सांगून टाकणार आहे. माझी मुलगी दुसऱ्यांदा मागे राहणार. मी म्हटलं, तुझा फोन बिघडलाय, दे, दुरुस्त करून आणतो. ती म्हणाली, चांगला चाललाय की. मी म्हटलं, वरून चांगला दिसतो, आतून गेलाय. आणि फोन खिशात घालून दुकानात निघून गेलो. तो दिवसभर फिल्टरच्या खोक्यात ठेवला. संध्याकाळी दुरुस्ती झाली नाही असं सांगितलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात पित्ताची शंका आता नव्हती.

रविवारी मुलगी आली. त्याची समजूत पटली, हे तिने दारातच मला हळूच सांगितलं. स्वयंपाकघरात बायको भाजलेली वांगी सोलत होती, हात काळे झालेले. मुलगी तिच्याजवळ पाट घेऊन बसली. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो. आतलं ऐकू येऊ नये म्हणून पंखा लावला, जानेवारीत. एकदा बायकोचा आवाज आला, "आपल्यातला?" मग मुलीचा, "नाही." पुढचं पंख्याच्या आवाजात विरलं. वर्तमानपत्रातली एकच ओळ मी वाचत होतो आणि ती निविदा सूचनेची होती.

बायको बाहेर आली. काळे हात पुढे धरून, कशालाही लागू नयेत असे. म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

मी म्हटलं, गुरुवारपासून. आणि मग मला राहवलं नाही, सगळंच सांगितलं, नाना, आत्या, पोरगी धुळे २, फिल्टरचं खोकं. एरवी ती हसली असती. ती खुर्चीच्या कडेला बसली.

"त्या कंपनीला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीच्या सुमारास असावं."

"दिवाळीला ही इथे माझ्याशेजारी बसून करंज्या भरत होती," ती म्हणाली. "तेव्हा त्यांना माहीत होतं. मला नाही."

गुरुवारपासून मी जे गमतीचं समजत होतो, ते तिच्या तोंडून असं निघालं की त्यात गंमत कुठे होती ते मलाच सापडेना.

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मम्मी, त्यांना मी सांगितलं नाही. त्यांनी घेतलं. सांगितलं मी तुला."

बायको उठून आत गेली, हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं, आता मी उपयोगी पडावं. मी फोन काढला आणि म्हटलं, मुलगा बघायचाय का? माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, कांद्याचे, मोटरसायकलचे, सगळे.

"तो ठेवा तिकडे," ती म्हणाली. "मी काही हो म्हटलेलं नाही अजून. पुढच्या रविवारी जेवायला बोलवा त्याला. मी समोर बघेन." मग मुलीकडे वळून, जरा वेळाने, "कसा आहे?"

मुलगी पुन्हा पाटावर बसली. म्हणाली, हसताना तोंडावर हात धरतो, दात पुढे आहेत म्हणून. भुईमुगाच्या शेंगा घेतल्या की सोलून आधी दुसऱ्याला देतो आणि त्याच्या वाट्याला टरफलं उरतात. पिंपळनेरहून येताना दर वेळी पिशवीत माती असते, कोणाच्या ना कोणाच्या शेतातली, तपासायला दिलेली. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसतो.

मी दाराला टेकून ऐकत होतो. त्याचा एकही फोटो मी तीन महिन्यांत सोडला नव्हता, आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

"मग?" बायको म्हणाली, आणि सोललेल्या वांग्यांची परात तिने मुलीकडे सरकवली.